दहा शिलिंगांचे गाणे

दक्षिण आफ्रिकेच्या मुक्तिलढ्याचा गौरव करताना त्या देशाच्या संगीताचा उल्लेख आता सर्वत्र आवर्जून केला जातो. १९८० च्या दशकापर्यंत ज्या पाश्चात्त्य सरकारांनी वर्णद्वेषी राजवटीशी व्यापार चालू ठेवण्याची तरफदारी केली, त्यांचे वारससुद्धा आज मिरियम मकेबा यांचे नाव आदराने घेतात आणि ह्यू मासेकेला यांच्या ट्रंपेटची आठवण काढतात. या गौरवातून एक गोष्ट मात्र सोयीस्करपणे वगळली जाते. हे संगीत निर्माण करणारी माणसे मजूर होती, मजुरांची मुले होती. त्यांचे गाणे हा त्यांच्या श्रमाचाच एक भाग होता आणि त्या श्रमाचा मोबदला त्यांना सोन्याच्या वा कोळशाच्या खाणीतील श्रमाच्या मापानेच मोजून देण्यात आला. गाण्यावर बंदी घालणारे सरकार आणि गाण्यावर नफा मिळविणारी कंपनी या जणू एकमेकींच्या विरुद्ध असलेल्या शक्ती होत्या, असे चित्र रंगविले जाते. वस्तुस्थिती तशी नव्हती. सरकारने माणसाला हक्कहीन केले, म्हणूनच कंपनीला त्याचे गाणे कवडीमोलाने मिळाले.

‘टाउनशिप’ हा शब्द वाचून आपल्याकडील वाचकांच्या डोळ्यांसमोर एखाद्या पोलाद कारखान्याभोवती आखीव रस्त्यांनी वसविलेली नगरी येण्याचा संभव आहे. दक्षिण आफ्रिकेत त्याचा अर्थ अगदी निराळा आहे. १९१३ च्या जमीनविषयक कायद्याने देशातील बहुसंख्य आफ्रिकी जनतेला सुमारे सात टक्के भूमीत कोंडण्यात आले. १९३६ साली हे प्रमाण तेरा टक्क्यांच्या आसपास नेण्यात आले, एवढेच. जमिनीवरून हुसकलेला शेतकरी खाणीत आणि कारखान्यात यावा, परंतु शहराचा नागरिक म्हणून त्याला कोणताही हक्क मिळू नये, ही भांडवलाची गरज होती. १९२३ च्या नागरी क्षेत्रविषयक कायद्याने ती पुरी केली. गोऱ्यांच्या शहरापासून काही मैल दूर, एकसारख्या, काडेपेट्यांसारख्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. कुटुंबाशिवाय आलेल्या कामगारांसाठी पुरुषांची वसतिगृहे बांधण्यात आली आणि प्रत्येकाच्या खिशात पास सक्तीचा झाला. जोहान्सबर्गच्या नैर्ऋत्येकडील अशा वस्त्यांच्या समूहाला १९६३ साली ‘सोवेटो’ हे नाव मिळाले. ‘साउथ वेस्टर्न टाउनशिप्स’ या तीन शब्दांची आद्याक्षरे जोडून ते बनविलेले आहे. लाखो माणसांच्या गावाला केवळ दिशेचे नाव देणाऱ्या नोकरशाहीच्या दृष्टीने ते गाव नव्हतेच. ते मजुरांचे कोठार होते.

या कोठारात संगीत जन्मले ते कोठे, हे पाहण्यासारखे आहे. मका आणि ज्वारी आंबवून घरोघरी बिअर करण्याची आफ्रिकी स्त्रियांची जुनी रीत होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दर्बानच्या नगरपालिकेने या बिअरची मक्तेदारी स्वतःकडे घेतली, सरकारी बिअर हॉल उघडले आणि त्या नफ्यातून आफ्रिकी वस्त्यांवरील देखरेखीचा खर्च भागविण्यास सुरुवात केली. इतर शहरांनी हा कित्ता गिरविला. म्हणजे कामगाराला पाजून मिळविलेल्या पैशातून त्याचा पास तपासणारी यंत्रणा पोसण्यात आली. (महसुलाचे असे मार्ग आपल्याकडील राज्यकर्त्यांनाही अपरिचित नाहीत.) स्वाभाविकपणेच घरी बिअर करणारी बाई गुन्हेगार ठरली आणि तिचे घर ‘शेबीन’ म्हणजे बेकायदा गुत्ता ठरले. याच शेबीनमध्ये शनिवारच्या रात्री एखादा मोडका पियानो किंवा पायपेटी आणि खडे भरलेला पत्र्याचा डबा यांच्या साथीने ‘माराबी’ नावाचे संगीत आकाराला आले. तीनचार स्वरावली पुन्हा पुन्हा फिरवीत रात्र जागविणारे हे वादन पुढच्या साऱ्या नागरी आफ्रिकी संगीताचे मूळ आहे.

मिरियम मकेबा यांचा जन्म १९३२ साली जोहान्सबर्गजवळच्या प्रॉस्पेक्ट टाउनशिपमध्ये झाला. अठरा दिवसांच्या या मुलीला घेऊन तिची आई तुरुंगात गेली, कारण तिने घरी बिअर केली होती. आयुष्याचे पहिले सहा महिने मकेबा यांनी तुरुंगात काढले. ह्यू मासेकेला १९३९ साली विटबँक या कोळशाच्या गावातील क्वागुका टाउनशिपमध्ये जन्मले आणि आजीजवळ वाढले. आजी खाणकामगारांसाठी शेबीन चालवीत असे. मोझांबिक, मलावी आणि अन्य शेजारी देशांतून करारावर आणलेले मजूर तेथे येत आणि त्यांच्या गप्पा तो मुलगा ऐकत असे. या मजुरांना खाणीकडे वाहून नेणाऱ्या आगगाडीवरची ‘स्टिमेला’ ही त्यांची प्रसिद्ध रचना त्या ऐकलेल्या गोष्टींतून उभी राहिलेली आहे. १६ जून १९७६ रोजी सोवेटोतील शाळकरी मुले आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर आली आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. त्यानंतर मुलांनी सरकारी कचेऱ्यांबरोबर बिअर हॉलही पेटविले. या वस्त्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक होता त्यांना त्याचे आश्चर्य वाटले नाही.

एका मजुराची तबकडी

आता ज्या गाण्यामुळे हा सारा प्रश्न जगापुढे आला त्याकडे वळले पाहिजे. सॉलोमन लिंडा यांचा जन्म १९०९ साली नाताळ प्रांतातील म्सिंगा या दुष्काळी भागात झाला. लहानपणी त्यांनी गुरे राखली. १९३१ च्या सुमारास हजारो झुलू तरुणांप्रमाणे तेही जोहान्सबर्गला आले आणि एका फर्निचरच्या दुकानात कामाला लागले. कामगार वसतिगृहांत शनिवारी रात्री गायनाच्या चढाओढी होत. एक उंच आवाज पुढे गातो, खर्जातले आवाज त्याला भिंतीसारखा आधार देतात, आणि गाणारे इस्त्रीचे कपडे घालून हलक्या पावलांनी ठेका धरतात, अशी ही पद्धती होती. आठवडाभर ज्याला ‘बॉय’ म्हणून हाक मारली जाई तो प्रौढ माणूस शनिवारच्या रात्री टाय बांधून, बूट चकचकीत करून उभा राही. हा केवळ करमणुकीचा भाग नव्हता, हे उघड आहे. लिंडा यांचे ‘ईव्हनिंग बर्ड्‌स’ हे पथक या चढाओढींत नावाजले गेले.

१९३९ साली गॅलो कंपनीच्या जोहान्सबर्ग येथील स्टुडिओत या पथकाने ‘म्बुबे’ म्हणजे ‘सिंह’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. गाणे तीनदा गायले गेले. तिसऱ्या वेळी, अखेरच्या भागात, लिंडा यांनी आयत्या वेळी सुचलेली काही स्वरांची एक ओळ वरच्या पट्टीत सोडून दिली. त्या ओळीवर पुढे जगातील अनेक कंपन्या गब्बर झाल्या. गाण्याचे सर्व हक्क गॅलो कंपनीने दहा शिलिंगांना घेतले. दहा वर्षांत या तबकडीच्या सुमारे एक लाख प्रती खपल्या. या गायनपद्धतीलाच लोक ‘म्बुबे’ म्हणू लागले. लिंडा यांना मात्र कंपनीच्याच गोदामात, जेथे तबकड्या बांधून पाठविल्या जात, हलक्या कामाची नोकरी मिळाली. ज्या कंपनीला त्यांनी लाखाचा खप मिळवून दिला, त्या कंपनीत ते आठवड्याच्या पगाराचे हमाल राहिले.

तबकडी अमेरिकेत पोहोचली. लोकगीतांचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांच्याकडून ती पीट सीगर यांच्या हाती आली आणि त्यांच्या ‘वीव्हर्स’ या पथकाने १९५२ साली ‘विमोवे’ या नावाने गाणे लोकप्रिय केले. रचनाकार म्हणून नाव छापले गेले ते ‘पॉल कॅम्पबेल’ असे. या नावाचा कोणी मनुष्य नव्हता; ते वीव्हर्स पथकाचेच टोपणनाव होते. या प्रकरणाचा हा भाग डाव्या चळवळीतील लिखाणात सहसा येत नाही, म्हणून तो येथे स्पष्टपणे नोंदविला पाहिजे. सीगर हे कामगार चळवळीचे गायक होते. याच काळात कम्युनिस्ट असल्याचा ठपका ठेवून त्यांच्या पथकाला काळ्या यादीत टाकण्यात आले. त्यांनी लिंडा यांना एक हजार डॉलर पाठविले, आणि पुढील मोबदलाही त्यांना मिळावा अशी त्यांची इच्छा होती, हेही खरे. परंतु एका प्रामाणिक माणसाच्या सदिच्छेने प्रकाशन कंपन्यांचे करार बदलत नाहीत. लोकगीत म्हणजे कोणाचेच नसलेले गीत, आफ्रिकेतून आलेले गाणे म्हणजे निनावी परंपरा, ही त्या काळची समजूत पुरोगाम्यांनीही तपासून पाहिली नव्हती, आणि ती समजूत कंपन्यांच्या पथ्यावर पडली. ज्याने गाणे रचले तो मनुष्य त्याच वेळी जोहान्सबर्गच्या गोदामात काम करीत होता.

१९६१ साली ‘टोकन्स’ या अमेरिकन पथकाने त्याच स्वरांवर इंग्रजी शब्द बसवून ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ हे गाणे काढले आणि ते अमेरिकेत खपाच्या यादीत पहिल्या स्थानी गेले. दुसऱ्या वर्षी, १९६२ साली, सॉलोमन लिंडा मूत्रपिंडाच्या विकाराने वारले. त्यांच्या बँकेच्या खात्यात पंचवीस डॉलरहूनही कमी रक्कम होती. सोवेटोत राहणाऱ्या त्यांच्या पत्नीला नवऱ्याच्या थडग्यावर दगड बसविणे पुढली अठरा वर्षे परवडले नाही. त्याच गाण्याचे दीडशेहून अधिक अवतार निघाले. १९९४ साली, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत पहिले लोकशाही सरकार आले त्याच वर्षी, डिस्ने कंपनीने ते आपल्या ‘द लायन किंग’ या चित्रपटात वापरले. २००० साली दक्षिण आफ्रिकी पत्रकार रिअन मलान यांनी या गाण्याच्या एकूण उत्पन्नाचा अंदाज दीड कोटी डॉलर असा मांडला. लिंडा यांची एक मुलगी त्यानंतरच्या वर्षी एड्‌सने मरण पावली.

लिंडा यांचे उदाहरण अपवादात्मक आहे ते केवळ रकमेच्या आकड्यामुळे. पद्धती सार्वत्रिक होती. १९५० च्या दशकात जोहान्सबर्गच्या रस्त्यांवर स्वस्तातल्या पत्र्याच्या बासऱ्या वाजविणारी मुले दिसू लागली आणि ‘क्वेला’ हा प्रकार रूढ झाला. पोलिसांच्या गाडीला वस्तीत ‘क्वेला-क्वेला’ म्हणत. ‘चढ वर!’ हा पोलिसांचा हुकूमच त्या नावात आहे. अलेक्झांड्रा टाउनशिपमधील ॲरन ‘बिग व्हॉइस जॅक’ लेरोले आणि त्यांच्या साथीदारांनी वाजविलेले ‘टॉम हार्क’ १९५८ साली ब्रिटनमध्ये खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. धून लेरोले यांची मानली जाते. नोंदीत रचनाकार म्हणून नाव लागले ते ध्वनिमुद्रण करविणाऱ्या निर्मात्याचे. स्पोक्स माशियाने या बासरीवादकाने त्याच वर्षी गॅलो कंपनीकडून खपावरील हिस्सा पदरात पाडून घेतला. असा हिस्सा मिळविणारा पहिला कृष्णवर्णीय वादक म्हणून तो ओळखला जातो. म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या धंद्याला सुरुवात होऊन कित्येक वर्षे लोटल्यानंतर ‘पहिला’ वादक सापडतो.

येथे एक युक्तिवाद नेहमी पुढे येतो. कंपन्या नसत्या तर ही गाणी वसतिगृहाच्या भिंतींबाहेर गेलीच नसती, असे म्हटले जाते. हाच युक्तिवाद सोन्याच्या खाणमालकांनीही केला होता: आम्ही नसतो तर सोने जमिनीतच राहिले असते. परंतु करार करताना एका बाजूला वकील आणि छापील कागद होता, तर दुसऱ्या बाजूला असा मनुष्य होता की ज्याला मतदानाचा, संप करण्याचा आणि परवान्याशिवाय रात्री शहरात थांबण्याचा हक्क नव्हता. आफ्रिकी कामगारांच्या संघटनांना कायद्याने मान्यता नव्हती. अशा स्थितीतील सहीला ‘संमती’ म्हणणे ही कायद्याची भाषा झाली, न्यायाची नव्हे.

सरकारची कात्री

राजवटीने स्वतः काय केले? जोहान्सबर्गच्या पश्चिमेस सोफियाटाउन नावाची वस्ती होती. तेथे आफ्रिकी लोकांना जमिनीची मालकी होती आणि आफ्रिकी, मिश्रवंशीय, भारतीय, चिनी अशी माणसे शेजारीशेजारी राहत. जाझ पथके, लेखक, पत्रकार आणि संघटक यांची ती वस्ती होती. गोऱ्या मतदारांच्या उपनगराला लागून असा मिसळलेला समाज नांदावा हे सरकारला सोसणारे नव्हते. ९ फेब्रुवारी १९५५ रोजी सुमारे दोन हजार सशस्त्र पोलीस आले आणि घरे रिकामी करण्यास सुरुवात झाली. लोकांना मेडोलँड्स येथे, आजच्या सोवेटोत, नेऊन टाकण्यात आले. जमीनदोस्त वस्तीच्या जागी गोऱ्यांचे उपनगर वसले आणि त्याला ‘त्रिओम्फ’ म्हणजे ‘विजय’ असे नाव देण्यात आले. जुने नाव परत आले ते २००६ साली. या विस्थापनावर स्ट्राइक व्हिलाकाझी यांनी ‘मेडोलँड्स’ हे गाणे रचले. चाल आनंदी होती. अधिकाऱ्यांना वाटले की नव्या वस्तीची ही स्तुती आहे, आणि त्यांनी संतोष व्यक्त केला, असे सांगितले जाते. वस्तीतल्या बोलीचा रोख त्यांना कळला नाही.

पुढे सरकार शहाणे झाले. सरकारी नभोवाणीने ‘रेडिओ बांटू’ नावाची सेवा उभी केली आणि झुलूंसाठी झुलू, सोथोंसाठी सोथो अशी प्रत्येक भाषेची वेगळी वाहिनी चालविली. टाउनशिपमध्ये मात्र माणसे एका वाक्यात तीन भाषा बोलत. एकाच गाण्यात दोन भाषा मिसळल्या तर ते गाणे अडे, कारण कामगार एक आहेत ही गोष्ट त्यातून ऐकू येत असे. प्रक्षेपणासाठी गाण्याचे शब्द आधी तपासले जात. नको असलेल्या गाण्यावर नभोवाणीच्या संग्रहातील तबकडीत टोकदार हत्याराने ओरखडे ओढले जात, म्हणजे चुकूनही कोणी ते लावू नये. अशा ओरखडलेल्या तबकड्या त्या संग्रहात राजवटीनंतरही सापडल्या आहेत. कंपन्यांनी याविरुद्ध काही लढा दिल्याचे दिसत नाही. नभोवाणीवर न वाजणारे गाणे खपत नाही, तेव्हा त्यांनी आपल्या गायकांना निरुपद्रवी शब्द लिहिण्यास सांगितले. तरीही अब्दुल्ला इब्राहिम यांची ‘मॅनेनबर्ग’ ही १९७४ ची रचना निसटलीच. त्यात पकडावेत असे शब्दच फारसे नाहीत. ते मुख्यतः वाद्यसंगीत आहे. केपटाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्समधून हाकललेल्या मिश्रवंशीय लोकांच्या वस्तीचे नाव तेवढे त्याला आहे. १९८० च्या दशकातील मोर्चांत आणि सभांत ते जणू राष्ट्रगीतासारखे वाजविले गेले.

ज्यांनी शब्द लपविले नाहीत त्यांचे काय झाले, तेही पाहावे. मकेबा १९५९ साली परदेशी गेल्या. १९६० साली आईच्या अंत्यविधीसाठी परत निघाल्या तेव्हा आपला पासपोर्ट रद्द झाल्याचे त्यांना कळले. १९६३ साली त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या वर्णद्वेषविषयक समितीपुढे साक्ष दिली. त्यांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले आणि त्यांच्या तबकड्यांवर बंदी आली. मायदेशी त्या परतल्या १९९० साली. ओर्लँडो ईस्टचे जोनास ग्वांग्वा यांनी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या ‘अमांडला’ या कलापथकाची धुरा वाहिली. १९८५ साली बोट्सवानातील त्यांचे घर दक्षिण आफ्रिकेच्या सैनिकांनी उद्ध्वस्त केले.

पोर्ट एलिझाबेथचे कॉम्रेड वुयिसिले मिनी यांचे नाव पाश्चात्त्य संगीतकोशांत अभावानेच आढळते. ते गोदीकामगारांचे आणि धातुकामगारांचे संघटक होते, १९५६ च्या राजद्रोह खटल्यातील आरोपी होते, आणि खर्जातल्या भारदस्त आवाजाचे गायक व गीतकार होते. पंतप्रधान व्हेरवुर्ट यांना उद्देशून त्यांनी रचलेले इशाऱ्याचे गीत देशभर गायले गेले; पुढे मकेबा यांनी ते जगापुढे नेले. मिनी यांना १९६३ साली अटक झाली आणि घातपाताच्या आरोपांवरून फाशीची शिक्षा झाली. सहकाऱ्याविरुद्ध साक्ष दिल्यास प्राण वाचतील असा प्रस्ताव त्यांनी धुडकावला. ६ नोव्हेंबर १९६४ रोजी प्रिटोरियाच्या तुरुंगात विल्सन खायिंगा आणि झिनाकिले म्काबा या दोन साथींसह त्यांना फासावर चढविण्यात आले. ते गात गेले. त्याच तुरुंगात असलेले बेन टुरोक यांनी कोठडीत ऐकू आलेल्या त्या अखेरच्या स्वरांची हकीकत लिहून ठेवली आहे. १९९८ साली त्यांचे अवशेष न्यू ब्रायटन टाउनशिपमध्ये सन्मानाने पुरण्यात आले.

बहिष्कार आणि एक अपुरा वाद

दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत होता. ते वर्ष १९४६ होते. १९७४ साली डेव्हिस करंडकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळण्यास भारताने नकार दिला आणि करंडक सोडून दिला. १९८० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सांस्कृतिक बहिष्काराचे आवाहन केले. म्हणूनच १९८५ साली अमेरिकन गायक पॉल सायमन जोहान्सबर्गला जाऊन टाउनशिपमधील वादकांबरोबर ध्वनिमुद्रण करून आले आणि १९८६ साली त्यांची ‘ग्रेसलँड’ ही तबकडी निघाली, तेव्हा वाद पेटणे अपरिहार्य होते. सायमन यांनी वादकांना अमेरिकेतील संघटित वादकांच्या दराच्या तिप्पट मोबदला दिला आणि काही गाण्यांत सहरचनाकार म्हणून त्यांची नावेही घातली. सोवेटोतील बास गिटारवादक बाकिथी कुमालो यांच्यासारख्या कलावंतांचे नाव जगभर झाले. मासेकेला आणि मकेबा हे दोघेही १९८७ च्या दौऱ्यात सहभागी झाले. दुसऱ्या बाजूला, लंडनमध्ये वर्णद्वेषविरोधी कलावंतांनी त्या कार्यक्रमांबाहेर निदर्शने केली.

या वादात बहिष्काराची बाजूच बरोबर होती. लढणाऱ्या जनतेच्या संघटनेने जे आवाहन केले, त्यातून आपल्यापुरता अपवाद करून घेण्याचा अधिकार कोणत्याही पाहुण्या कलावंताला नव्हता, मग तो मोबदला कितीही चोख देवो. परंतु वादाचा दुसरा अर्धा भाग त्या वेळी कोणी फारसा उच्चारला नाही. तिप्पट मोबदल्याची बातमी झाली ती का? एरवी त्याच स्टुडिओत त्याच वादकाला दिवसभराच्या कामाचे जे मिळत असे ते इतके थोडे होते की सायमन यांचा तासाचा दर, सुमारे १९६ डॉलर, स्वप्नवत वाटावा. बहिष्काराने परदेशी गायकाला अडविले. देशातील तबकडी कंपनीच्या करारपत्राला हात लावणे बहिष्काराच्या आवाक्यात नव्हते. ते काम कामगार संघटनेचे होते, आणि वादकांची संघटना दुबळी होती.

वारस आणि कायदा

१९९४ नंतर लिंडा यांच्या मुलींना न्याय मिळाला तो कोणत्या मार्गाने? १९११ च्या ब्रिटिश साम्राज्याच्या स्वामित्वहक्क कायद्यात एक कलम होते. लेखकाने हक्क विकले असले तरी त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी ते त्याच्या वारसांकडे परत जातील, असे ते म्हणत असे. लेखकांच्या मुलाबाळांची उपासमार होऊ नये म्हणून केलेल्या या तरतुदीला वकील मंडळी कादंबरीकार डिकन्सच्या नावाने ओळखतात. ओवेन डीन या दक्षिण आफ्रिकी कायदेपंडितांनी हे जुने कलम शोधून काढले. त्याप्रमाणे ‘म्बुबे’चे हक्क १९८७ सालीच वारसांकडे आले होते. २००४ साली डिस्ने कंपनीवर दावा लावण्यात आला आणि त्यासाठी दक्षिण आफ्रिकेतील तिच्या व्यापारचिन्हांवर जप्ती आणण्यात आली. २००६ च्या फेब्रुवारीत अमेरिकन प्रकाशन कंपनीने तडजोड केली. लिंडा यांना सहरचनाकार म्हणून मान्यता मिळाली आणि वारसांना मोबदला देण्याचे ठरले. रक्कम जाहीर झाली नाही. सोवेटोतील एका कामगाराच्या मुलींना आपल्या बापाचे गाणे परत मिळविण्यासाठी साम्राज्याच्या कायद्यातील फट शोधावी लागली, याला योगायोग म्हणता येईल; परंतु त्यानंतर जे घडले त्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले आहे.

१९६५ साली वर्णद्वेषी राजवटीने स्वतःचा नवा स्वामित्वहक्क कायदा केला आणि त्यात हे कलम ठेवले नाही. १९७८ च्या कायद्यातही ते नाही. याचा अर्थ असा की लिंडा यांच्या पिढीला जो दरवाजा उघडा होता तो पुढील पिढीला बंद झाला. १९६० आणि १९७० च्या दशकांत टाउनशिपमध्ये ‘म्बाकांगा’ या दणकेबाज संगीताची भरभराट झाली. या शब्दाचा मूळ अर्थ मक्याचे साधे खाणे, म्हणजे गरिबाची रोजची भाकरी असा आहे. अलेक्झांड्रात वाढलेले घोगऱ्या आवाजाचे माह्लाथिनी आणि त्यांच्याबरोबर गाणाऱ्या ‘माहोटेला क्वीन्स’ यांच्या तबकड्यांचे ढीग याच काळात निघाले. या काळातील ज्या असंख्य वादकांनी एकरकमी मजुरीवर गाणी विकली, त्यांच्या वारसांना डिकन्सचे नाव घेऊन न्यायालयात जाता येणार नाही.

लोकशाही दक्षिण आफ्रिकेच्या संसदेपुढे यावर उपाय आला तो स्वामित्वहक्क दुरुस्ती विधेयकाच्या रूपाने. संगीतरचनेच्या हक्कांचे हस्तांतरण पंचवीस वर्षांपुरतेच राहावे, नंतर हक्क मूळ रचनाकाराकडे परत यावेत, अशी तरतूद त्यात घालण्यात आली. विधेयक २०१९ साली संसदेत मंजूर झाले. २०२० च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्षांनी ते परत पाठविले. २०२४ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा मंजूर झाले आणि ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्षांनी ते घटना न्यायालयाकडे सोपविले. विधेयकात सारेच चांगले आहे असे नाही. ‘न्याय्य वापरा’च्या नावाखाली त्यात ज्या सवलती आहेत त्यांचा लाभ इंटरनेटवरील महाकाय कंपन्यांना होईल, अशी भीती अनेक कलावंतांनीच बोलून दाखविली आहे, आणि ती अनाठायी नाही. परंतु ध्वनिमुद्रण आणि प्रकाशन कंपन्यांनी जो विरोध चालविला तो या सवलतींपुरता मर्यादित नव्हता. पंचवीस वर्षांची मुदतही त्यांच्या आक्षेपांत होती. या दोन आक्षेपांची गल्लत होऊ देणे कलावंतांच्या हिताचे नाही. सवलतींचे कलम बदलता येते, गाळताही येते. मुदतीचे कलम गळले तर काय होते, हे १९६५ सालच्या कायद्याने दाखविले आहे.

दरम्यान टाउनशिपमधील नवी पिढी ‘अमापियानो’ नावाचे संगीत करू लागली आहे. २०१० च्या दशकात गाउतेंग प्रांतातील वस्त्यांत, घरच्या संगणकांवर ते तयार झाले आणि आरंभी कोणत्याही कंपनीच्या मदतीशिवाय मोबाइलवरून आणि मिनीबस टॅक्सींतून पसरले. ते लोकप्रिय झाल्यावर बहुराष्ट्रीय तबकडी कंपन्या करारपत्रे घेऊन तेथे पोहोचल्या.